रोज रात्री पाऊण चमचा

डॉक्टरांकडे आपण बहुधा निर्णय ऐकायला जातो. हाड मोडले आहे, प्लास्टर घालावे लागेल. अपेंडिक्स सुजले आहे, आज रात्रीच ऑपरेशन. मग पैशांची जुळवाजुळव आणि देवाचे नाव एवढेच आपल्याकडे उरते, आणि खरे सांगायचे तर त्यात एक प्रकारची सुटकाही असते. पण काही दुखणी अशी असतात, की सगळे रिपोर्ट चाळून झाल्यावर डॉक्टर चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि आपल्यालाच विचारतात, "मग, तुमचा काय विचार आहे?"

हा प्रश्न आमच्या घराला दोनदा विचारला गेला. पहिल्यांदा १९९२ साली, माझ्या मुलीच्या बाबतीत. ती तेव्हा चार वर्षांची होती. दुसऱ्यांदा २०२३ साली, तिच्या मुलीच्या बाबतीत. आजार तोच. मधल्या तीस वर्षांत औषधे बदलली, यंत्रे बदलली, डॉक्टरांची एक पिढी निवृत्त झाली. प्रश्न मात्र जवळजवळ शब्दशः तोच राहिला. अडतीस वर्षे मी बँकेत लोकांच्या कर्जप्रस्तावांवर शेरे मारले. तारण किती, जोखीम किती, परतफेडीची ऐपत किती, हे कागदावरून वाचायची सवय त्या नोकरीने लावली. पण घरातल्या लेकराच्या मूत्रपिंडाचा कागद हा वेगळाच कागद असतो.

आजाराचे नाव लांबलचक आहे: व्हेसिकोयुरेटरल रिफ्लक्स. सरळ मराठीत लघवीचा उलटा प्रवाह. दोन मूत्रपिंडांत तयार झालेली लघवी दोन बारीक नळ्यांतून, म्हणजे मूत्रवाहिन्यांतून, खाली मूत्राशयात येते. या नळ्या मूत्राशयात सरळ भोक पाडून शिरत नाहीत. त्या भिंतीतून तिरक्या, थोडे अंतर आडव्या जातात आणि मग आत उघडतात. मूत्राशय भरू लागले की भिंतीतला हा तिरका भाग आपोआप दाबला जातो आणि परतीची वाट बंद होते. वेगळी झडप अशी नाहीच. नळीचे ते तिरके जाणे हीच झडप. काही मुलांत जन्मतःच हा तिरका भाग आखूड असतो. मग लघवीला दाब आला की थोडी लघवी खाली जाते आणि थोडी उलटी वर चढते. नुसती वर चढली तर एक वेळ बिघडत नाही. पण तिच्यात जंतू असले तर ते थेट मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात, थंडी वाजून ताप येतो आणि तो ओसरल्यावर मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहू शकतो. व्रणाची जागा पुन्हा काम करत नाही. असे व्रण वाढले तर पुढे रक्तदाब, गरोदरपणातला त्रास आणि क्वचित मूत्रपिंड निकामी होणे इथपर्यंत गोष्ट जाते.

ताप येऊन लघवीचा संसर्ग झालेल्या लहान मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांत हा दोष सापडतो. म्हणजे दुर्मीळ नाही. तरीही ज्या घरात तो निघतो, त्या घराने त्याचे नाव आधी ऐकलेले नसते.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की मूल वाढते तशी भिंतीतली ती आखूड वाटही वाढते आणि पुष्कळ मुलांत दोष आपोआप जातो. एक ते पाच अशा त्याच्या पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरची बहुतेक मुले काही वर्षांत मोकळी होतात. चौथ्या-पाचव्या पायरीवर ती आशा बरीच कमी. तिसरी पायरी मधली. आमची लेक तिसऱ्या पायरीवर होती, डाव्या बाजूला.

मी तेव्हा कराडला होतो. थंडी वाजून ताप, मलेरियाच्या गोळ्या, पुन्हा ताप, असे दोन महिन्यांत तीनदा झाले. तिसऱ्या वेळी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी लघवीचे कल्चर करायला सांगितले. गावातल्या लॅबमध्ये पहिला नमुना दुपारभर उन्हातल्या खिडकीत पडून राहिला आणि त्यात सतरा प्रकारचे जंतू निघाले. दुसरा माझ्या पत्नीने स्वतः जाऊन, बर्फाच्या डब्यात ठेवून, तंत्रज्ञाच्या हातात दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण या आजारात पुढचे सगळे त्या एका बाटलीवर उभे असते. नमुना खराब, तर निदान खराब, आणि मग मुलाला नको ती औषधे किंवा हवी ती नाहीत.

मग महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, आणि मुंबईत एमसीयू नावाची तपासणी. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनी सुखी असावे. लघवीच्या वाटेने बारीक नळी घालतात, तिच्यातून मूत्राशयात औषध सोडतात आणि मग मुलाला त्या थंड टेबलावर, अनोळखी माणसांसमोर, क्ष-किरणांच्या यंत्राखाली लघवी करायला सांगतात. वर्षभरापूर्वीच आपण ज्या पोरीला 'अंथरुणात करायची नाही' असे शिकवले, तिला आता 'इथेच कर' म्हणून विनवायचे. ती करेना. तासभर करेना. शेवटी पत्नीने कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडला, त्या आवाजाने काम झाले.

रिपोर्ट पाहून सर्जन म्हणाले, दोन मार्ग आहेत. एक, ऑपरेशन. नळी मूत्राशयापासून सोडवायची आणि लांब, तिरकी वाट करून पुन्हा बसवायची. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक मुलांत उलटा प्रवाह थांबतो. आठ-दहा दिवस रुग्णालय. दुसरा, रोज रात्री झोपताना अँटिबायोटिकचा छोटा डोस, पूर्ण डोसाच्या पाव किंवा तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि वाट पाहायची. रात्रीच का, तर रात्रभर लघवी आत साठून राहते म्हणून. आमच्या मुलीच्या वजनाला तो डोस पाऊण चमचा बसत होता. किती वर्षे? सांगता येत नाही.

"तुमची मुलगी असती तर?" मी विचारले. हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष आत्ताच आलेत. तीनशे सहा मुलं, निम्म्यांना औषध, निम्म्यांना ऑपरेशन. ऑपरेशन झालेल्यांना तापाचे संसर्ग कमी झाले. पण मूत्रपिंडावर नवे व्रण? दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. म्हणजे किडनीच्या बाजूनं पाहिलं तर दोन्ही वाटा चालतात. कुठली वाट तुम्हाला चालवेल, ते तुम्ही बघा."

परतीच्या गाडीत मला त्यांचा रागच आला होता. एवढा शिकलेला माणूस आणि उत्तर देत नाही! पुढे वर्षे गेली तसे लक्षात आले, की त्यांनी उत्तर देण्याचे टाळले नव्हते. त्यांच्याकडे होते तेवढे त्यांनी सगळे दिले होते.

घरी आल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. माझी आई म्हणाली, पोरीला धन्या-जिऱ्याचे पाणी द्या, सगळे निवळेल. बँकेतले सहकारी म्हणाले, साहेब, करून मोकळे व्हा, चिघळवू नका. 'करून मोकळे व्हा' या शब्दांना आपल्याकडे भलतेच वजन आहे. लग्न, बदली, ऑपरेशन, सगळे करून मोकळे व्हायचे असते. एका मेहुण्यांनी तर, मुलगी आहे, पोटावर कापल्याची खूण राहील, पुढे अडचण येईल, असेही सुचवून पाहिले. त्यावर माझी पत्नी त्यांना जे बोलली ते रविवारच्या पुरवणीत छापता येणार नाही.

निर्णय तिनेच केला. रात्री अकरा वाजता, भांडी आवरून झाल्यावर, ओल्या हातानेच ती म्हणाली, "अहो, ऑपरेशनला तुम्ही पंधरा दिवसांची रजा काढाल. औषधाला मला रोज रात्री जागं राहावं लागेल. मी राहते जागी. वर्ष-दोन वर्षं बघू. ताप आलाच तर ऑपरेशन कुठे पळून जातंय?"

वाट पाहणे म्हणजे काही न करणे नव्हे, हे मी त्या घरात पाहिले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज रात्री एक बारीक फुली पडायची. लग्नाला गेलो तरी बाटली बरोबर. कुठलाही ताप आला, साध्या सर्दीचा जरी असला, तरी आधी लघवीचा नमुना, मग बाकीचे. दर दोन-तीन तासांनी 'शू करून ये', आणि केल्यावर थोडे थांबून 'पुन्हा एकदा बस', म्हणजे आत काही उरायला नको. दोन वेळा माझी बदली झाली, तेव्हा नव्या गावात बिऱ्हाड लावण्याआधी तिने कल्चर करणारी लॅब शोधली. या सगळ्याला पगार नाही, रजा नाही, बढती तर नाहीच. डॉक्टरांच्या कागदावर त्याची नोंद तीन शब्दांत होते: 'औषधोपचार चालू आहेत.'

लेक सात वर्षांची असताना एमसीयूमध्ये उलटा प्रवाह दिसला नाही. डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला सुरुवातीपासून असलेला लहानसा व्रण तेवढा राहिला. तो आजही आहे. २०२० साली ती गरोदर होती तेव्हा त्या व्रणापायी तिचा रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासले गेले. टाळेबंदीच्या दिवसांत ते काम सोपे नव्हते. सगळे नीट पार पडले.

हा दोष घराण्यात चालतो. भावंडांत आणि पुढच्या पिढीत तो इतर मुलांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. त्यामुळे २०२२ च्या पावसाळ्यात दोन वर्षांच्या नातीला थंडी वाजून ताप आला तेव्हा आम्ही मलेरियाच्या गोळ्यांपाशी थांबलो नाही. त्याच संध्याकाळी नमुना गेला आणि औषध सुरू झाले. या घाईला आता आधारही आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ताप सुरू झाल्यापासून औषधाला ४८ तास किंवा अधिक उशीर झालेल्या मुलांत व्रणांचे प्रमाण वाढलेले दिसले होते. सोनोग्राफीत डावी मूत्रवाहिनी फुगलेली निघाली, म्हणून एमसीयू झाले. चौथी पायरी. काही महिन्यांनी डीएमएसए स्कॅन केला, त्यात व्रण दिसला. डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला. आईला जिथे आहे तिथेच.

पुन्हा रात्रीचा डोस सुरू झाला. या वेळी अर्धा चमचा.

मधल्या काळात वैद्यकशास्त्राने आपली परिपत्रके किती वेळा बदलली ते पाहून माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला घरच्यासारखे वाटले. १९९९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले, की दोन महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलाला तापाचा पहिला मूत्रसंसर्ग झाला की उलट्या प्रवाहाची तपासणी करा. २०११ साली त्याच संघटनेने सांगितले, सोनोग्राफी ठीक असेल तर पहिल्याच वेळी सरसकट करू नका. पूर्वीचे परिपत्रक रद्द समजावे! यात चेष्टेचे काही नाही. अनेक मुलांत दोष लहान असतो, आपोआप जातो, आणि त्या मुलांना नळी घालून काय मिळवले, असा प्रश्न शास्त्राने स्वतःलाच विचारला.

रात्रीच्या डोसाचेही तसेच. २०१४ साली अमेरिकेत ६०७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना तसेच दिसणारे खोटे. दोन वर्षांत औषधवाल्या ३०२ पैकी ३९ मुलांना पुन्हा संसर्ग झाला, बिनऔषधाच्या ३०५ पैकी ७२ मुलांना. म्हणजे संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले. पण नवे व्रण? दोन्ही गटांत फरक नाही. शिवाय औषध घेताना ज्यांना संसर्ग झाला, त्यांच्यातले ई. कोलाय जंतू त्या औषधाला दाद न देणारे असण्याचे प्रमाण ६३ टक्के होते, न घेणाऱ्यांत १९ टक्के. आता यातून आईबापांनी काय घ्यायचे? माझ्या जावयाने, तो संगणकवाला आहे, हे आकडे तक्त्यात भरले आणि रात्री दोन वाजेपर्यंत त्याकडे बघत बसला.

त्याच तक्त्यात स्वीडनचा अभ्यासही होता, २०१० चा. तो तर आमच्या नातीसाठीच केला असावा असा: एक ते दोन वर्षांची मुले, तिसरी-चौथी पायरी. नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या ४२ मुलींपैकी २४ जणींना पुन्हा तापाचा संसर्ग झाला. रोज औषध घेणाऱ्या ४३ पैकी ८ जणींना. आणि तिसऱ्या गटात, ४३ पैकी १० जणींना. हा तिसरा गट म्हणजे १९९२ साली आम्हाला न मिळालेली वाट.

ती वाट अशी, की दुर्बिणीने मूत्राशयात जाऊन नळीच्या तोंडाखाली एक घट्ट द्रव टोचायचा, म्हणजे तिथे लहानसा उंचवटा होतो आणि तोंड मिटायला मदत होते. कापाकापी नाही, टाके नाहीत, मूल बहुधा त्याच दिवशी घरी. ही कल्पना १९८४ साली डब्लिनच्या डॉक्टरांनी टेफ्लॉन टोचून प्रथम रूढ केली. टेफ्लॉनचे कण शरीरात इतरत्र सरकतात अशी भीती निघाल्यावर स्वीडनमध्ये दुसरा पदार्थ तयार झाला, आणि २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ऐकायला हे सगळ्यात सोयीचे. पण मोठ्या पायरीवर ते ऑपरेशनइतके खात्रीचे नाही. त्या स्वीडिश अभ्यासातच सुमारे एक पंचमांश मुलांत दोन वर्षांनी मोठा उलटा प्रवाह पुन्हा दिसला.

२०२३ च्या मार्चमध्ये, डोस चालू असतानाच, नातीला पुन्हा संसर्ग झाला. जंतू त्या औषधाला जुमानत नव्हते. आणि मग केबिन, टेबल, काढून ठेवलेला चष्मा, आणि तो प्रश्न.

या वेळी चर्चा पुण्याला लेकीच्या घरी झाली. जावई इंजेक्शनच्या बाजूचा. "एक दिवसाचं काम आहे, बाबा. नाही जमलं तर ऑपरेशन आहेच." माझी पत्नी अजूनही वाट पाहण्याच्या बाजूची. औषध बदला, पोर वाढते आहे, वाट लांबेल. लेक बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तू मला रोज औषध द्यायचीस, ते मला आठवतच नाही. मला ती नळी आठवते. तो नळ सोडल्याचा आवाज आठवतो. दर वेळी मला वाटायचं, मी काहीतरी केलंय म्हणून मला इथे आणलंय. इंजेक्शन केलं तर तीन महिन्यांनी पुन्हा नळी. वाट पाहिली तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा नळी. ऑपरेशननंतर सगळं नीट असेल तर पुष्कळदा नुसती सोनोग्राफी चालते, असं डॉक्टर म्हणालेत. मला तिच्यासाठी कमीत कमी वेळा नळी हवी आहे."

तिच्या आईने तिच्याकडे पाहिले. तीस वर्षे दोघी एकाच घरातल्या एकाच आजाराची हकीकत सांगत होत्या, आणि त्या दोन वेगळ्या हकीकती होत्या. कुठल्याही अभ्यासाच्या तक्त्यात 'नळाचा आवाज' असा रकाना नसतो.

निर्णय त्या दिवशी झाला नाही, कारण डॉक्टरांनी मधेच एक साधा प्रश्न टाकला होता: पोरीला शी रोज होते का? दोन दिवसांनी, कधी तीन. घरात कोणी ते आजार म्हणून मोजत नव्हते. मूत्राशय आणि आतड्याचा शेवटचा भाग एकमेकांना खेटून असतात. तिथे मळ साठून राहिला की मूत्राशयावर दाब येतो, ते पुरते रिकामे होत नाही आणि जंतूंचे फावते. बद्धकोष्ठ असलेल्या आणि लघवी धरून ठेवणाऱ्या मुलांत संसर्ग पुन्हा पुन्हा होतात, आणि ते सुधारल्याशिवाय इंजेक्शनचे काय किंवा ऑपरेशनचे काय, यश डळमळीत राहते. डॉक्टर म्हणाले, आधी सहा महिने हे बघा.

म्हणून आधी ते पाहिले. मळ मऊ करणारी पावडर, पपई, पाणी. फ्लॅटमध्ये कमोड, त्यावर तीन वर्षांच्या पोरीचे पाय लोंबकळत राहतात आणि पाय अधांतरी असले की पोटाला जोर लागत नाही. माझ्या पत्नीने देवघरातला जुना पाट आणून पायाखाली ठेवला. विटाळाचा विचार मनात आला असेल तर तिने तो बोलून दाखवला नाही. जेवणानंतर दहा मिनिटे पाटावर पाय टेकून बसायचे आणि मी बाहेर उभा राहून गोष्ट सांगायची. माझ्या कादंबऱ्यांना इतका एकचित्त वाचक कधी मिळाला नव्हता.

आणि एक अट घातली, ती मात्र मी सुचवली. कर्ज देतानाच वसुलीची अट कागदावर आणायची असते. हप्ता थकल्यावर सुचलेल्या अटीला अर्थ नसतो. ताप आलेला असताना, रात्री दोन वाजता, घाबरलेल्या डोक्याने ठरवायचे नाही. आत्ताच ठरवू: औषध बदलून, पोट साफ राहत असतानाही, तापाचा आणखी एक पक्का संसर्ग झाला तर ऑपरेशन. पक्का म्हणजे कल्चरमध्ये सिद्ध झालेला. लेकीने ते डायरीत लिहिले. जावयाने त्याखाली तारीख घातली.

त्या ऑगस्टमध्ये ताप आला. १०३. दोन दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. कल्चरमध्ये काही निघाले नाही, साधा विषाणूचा ताप होता. डिसेंबरमध्ये पुन्हा आला आणि या वेळी निघाले. तरीही, लिहिलेली अट समोर असताना, दोघांनी आठवडाभर घोळ घातला. आईबाप आहेत, बँक नव्हे.

विमा कंपनीच्या फॉर्मवर जन्मजात दोष दोन प्रकारचे असतात, आतले आणि बाहेरचे, आणि पुष्कळ पॉलिसींत सगळा खेळ त्या एका शब्दावर असतो. हा आतला. जावयाच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात तो बसत होता, एवढे पाहून ठेवणे माझ्या वाट्याला आले. ज्यांच्या घरी असा दोष निघेल त्यांनी तारीख घेण्याआधी पॉलिसीतली ती ओळ वाचावी.

२०२४ च्या जानेवारीत ऑपरेशन झाले. चार दिवस रुग्णालय. लाल लघवी पाहून आजी हादरली. ती काही दिवस तशीच असते हे आधी सांगितलेले होते, पण सांगणे वेगळे आणि पाहणे वेगळे. मूत्राशयाला मधूनमधून कळ यायची तेव्हा पोर आईचा दंड आवळून धरायची. पाचव्या दिवशी घरी आली आणि पहिल्यांदा पाट मागितला. पुढच्या सोनोग्राफीत मूत्रवाहिनीचा फुगवटा उतरलेला होता. रात्रीचा चमचा काही महिन्यांनी बंद झाला.

पत्नीचे म्हणणे, आणखी दोन वर्षे थांबलो असतो तर कदाचित आपोआप गेले असते. असू शकेल. लेकीचे म्हणणे, त्या दोन वर्षांत दुसरा व्रण पडला असता तर? तेही असू शकेल. १९९२ सालच्या सर्जनसाहेबांनी दोघींचेही ऐकून घेतले असते असे वाटते.

ऑपरेशनने उलटा प्रवाह थांबतो, लघवीचे संसर्ग होण्याची प्रवृत्ती सगळी जात नाही. म्हणून आता पाळत शाळेवर आहे. नात शाळेत जायला लागली आणि पहिल्या आठवड्यात पाण्याची बाटली सकाळी भरली तशी दुपारी परत आली. विचारल्यावर म्हणाली, पाणी प्यायले की शू लागते, आणि शाळेतली शू घाण असते. वर्गातल्या सगळ्याच मुली असेच करतात, हेही तिने सांगितले. मुंबईत बायकांनी स्वच्छ आणि फुकट मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम २०११ मध्ये सुरू केली, तेव्हा वर्तमानपत्रांत त्या नावावरून विनोद झाले होते. सहा तास लघवी धरून बसलेल्या मुलींच्या रांगा प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींच्या पोटात ती आखूड वाट असणार, कोणाला ठाऊक नसलेली.

लेक मुख्याध्यापिकांना भेटली. बाईंनी शांतपणे ऐकले, मुलींच्या स्वच्छतागृहाची मोडलेली कडी बसवून घेतली आणि मधल्या सुटीआधी ते एकदा धुण्याची पाळी लावली. मागितल्यावर कोणत्याही मुलीला तासातून सोडायचे, असेही वर्गशिक्षिकांना सांगितले. बाटली आता निम्मी रिकामी येते. परवा नातीने मला सांगितले, की तिची मैत्रीणही आता पाणी पिते.

पुढची सोनोग्राफी जूनमध्ये आहे. रक्तदाब वर्षातून एकदा, आईचा आणि मुलीचा, एकाच दिवशी एकाच यंत्रावर मोजतात. लहान पट्टा आधी.